वाक्य मुद्दाम कसे आणि कोठे मोडावे

इंटरनेटवर गाजणाऱ्या विनोदी वाक्यांचा एक मोठा गट असा आहे की, त्यातील गंमत सांगितलेल्या गोष्टीत नसते. वाक्य ज्या दिशेला जायला हवे त्या दिशेला ते जात नाही, यात ती असते. ‘आजचा गुरुवार फारच सोमवार आहे’ हे वाक्य वाचणाऱ्याला अर्थ तत्काळ कळतो, पण ‘फारच’ या शब्दापुढे विशेषण येईल म्हणून तो थांबलेला असतो आणि तिथे वाराचे नाव येऊन बसते. असे वाक्य मराठीत कसे रचावे, हे मी इंदूरच्या मराठी मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे, कारण घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि मोबाईलवर निम्मी इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ज्यांचा दिवस जातो, त्यांना ही गोष्ट जितकी सहज साधते तितकीच ती फसतेही.

वाक्य मोडायचे तर ते कशाने जोडलेले असते, हे आधी माहीत हवे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वाक्याची जी व्याख्या केली आहे, तिच्याइतकी उपयोगी व्याख्या मला या कामासाठी दुसरी आढळली नाही. योग्यता, आकांक्षा आणि आसत्ती या तीन गोष्टींनी युक्त असा पदांचा समूह म्हणजे वाक्य, असे तो म्हणतो. एका पदाने दुसऱ्या पदाची वाट पाहायला लावणे म्हणजे आकांक्षा. पदांचे अर्थ एकमेकांशी जुळणे म्हणजे योग्यता (‘अग्नीने शिंपतो’ हे तिच्या अभावाचे जुने उदाहरण आहे). आणि पदे एकामागून एक, फार खंड न पडता येणे म्हणजे आसत्ती. या तिन्हींपैकी कोणतीही एक तोडता येते, परंतु विनोदासाठी सर्वांत जास्त उपयोगाची आहे ती आकांक्षा, आणि म्हणून पुढील बहुतेक विवेचन तिच्याभोवतीच फिरणार आहे.

कृती अशी. प्रथम जे म्हणायचे आहे ते पूर्ण, शुद्ध आणि व्याकरणाला धरून लिहून काढावे. मग ते सावकाश वाचावे आणि कोणत्या शब्दापाशी पोहोचल्यावर पुढचा शब्द वाचकाला न सांगताच कळलेला असतो, ते शोधावे. मोडायची जागा तीच असते. तिथला शब्द काढून टाकावा किंवा त्याच्या जागी भलत्याच जातीचा शब्द ठेवावा, आणि उरलेल्या वाक्याला अजिबात हात लावू नये. समजा, मूळ वाक्य असे आहे: ‘रंगपंचमीची गेर पाहायला जाताना भावोजींनी नवा पांढरा सदरा घातला आणि त्याचे जे व्हायचे ते झाले.’ गेर म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक; इंदुरात राहणाऱ्या कोणालाही गेर आणि पांढरा सदरा हे दोन शब्द एकत्र दिसले की पुढची सगळी हकीकत कळते. राजवाड्यापाशी रंगाचे फवारे आकाशात उडत असताना त्या सदऱ्याचे काय झाले असेल, हे सांगावे लागत नाही. म्हणून वाक्य एवढेच ठेवावे: ‘भावोजींनी गेरला जाताना नवा पांढरा सदरा.’ क्रियापद गेले, परिणामही गेला आणि दोन्ही वाचकाने स्वतः भरले.

इंग्रजीत गाजलेल्या वाक्यांची मोडतोड जशीच्या तशी मराठीत आणण्याचा मोह होतो आणि तो टाळायला हवा, कारण दोन्ही भाषांत ताठ जागा वेगवेगळ्या आहेत. काबोसू नावाच्या जपानी शिबा इनू कुत्रीच्या २०१० मधील छायाचित्रावर रचलेली ‘मच वाव’, ‘सच’ आणि ‘व्हेरी’ची तुटक वाक्ये २०१३ मध्ये जगभर पसरली. त्यांतील गंमत अशी की, इंग्रजीत ‘मच’, ‘मेनी’ आणि ‘व्हेरी’ यांनी कोणत्या शब्दाआधी यायचे हे पक्के ठरलेले आहे आणि तिथे त्यांची अदलाबदल केलेली असते. आपल्याकडे ‘खूप’ हा शब्द मोजता येणाऱ्या वस्तूलाही चालतो, न मोजता येणाऱ्या वस्तूलाही चालतो आणि विशेषणालाही चालतो. ‘खूप पोहे’ म्हटले तर काहीच मोडत नाही. वाढणारी फक्त हात आवरता घेते. त्याऐवजी जे शब्द नामाआधी एरवी कधीच येत नाहीत, ते निवडावे लागतात. ‘अत्यंत पोहे. अतिशय शेव. अगदी जीरावन.’ असे म्हटले (जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) की ‘अत्यंत’पाशी वाचक विशेषणासाठी थांबतो आणि त्याला पोहे मिळतात.

त्याचप्रमाणे ‘ऑल युवर बेस आर बिलाँग टू अस’ हे ‘झीरो विंग’ या जपानी व्हिडिओ गेमच्या कच्च्या भाषांतरातले वाक्य २००१ च्या सुमारास प्रचंड गाजले, पण केवळ शब्दांचा क्रम आणि जोड विस्कटून मराठीत तो परिणाम साधत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटून असतात, त्यामुळे शब्द पुढेमागे केले तरी कर्ता कर्ताच राहतो. ‘खाल्लं सगळं श्रीखंड दादाने’ हे वाक्य मोडलेले वाटत नाही. ते गाण्यातल्या ओळीसारखे किंवा रागाने बोलल्यासारखे वाटते. मराठीत क्रम लवचीक आहे, आणि जे लवचीक आहे ते वाकवून कोणी हसत नाही.

आता ‘बिकॉज’. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१३ चा शब्द म्हणून याची निवड केली, कारण त्यापुढे पूर्ण वाक्य न देता नुसते नाम ठेवण्याची रीत तोपर्यंत रुळली होती. मराठीत ‘कारण’ वापरून हे करता येते: ‘यायला उशीर झाला, कारण मावशी.’ मात्र ‘कारण’ हा शब्द मुळात नामही असल्यामुळे विरामचिन्ह जपून वापरावे लागते. ‘उशिराचे कारण: मावशी’ असे लिहिले की तो रजेचा अर्ज होतो आणि त्यात काहीच मोडलेले राहत नाही. स्वल्पविराम असेल तरच ‘कारण’ हे अव्यय ठरते, पुढे पूर्ण वाक्य येणार असे वाटते आणि ते येत नाही. शिवाय ‘कारण’नंतर ठेवायचे नाम असे हवे की ज्याच्यामागे सगळ्या वाचकांना ठाऊक असलेला इतिहास उभा आहे. जिच्या तावडीतून अर्ध्या तासाच्या आत कोणी सुटत नाही अशी मावशी प्रत्येक घरात असते, म्हणून ‘कारण मावशी’ पुरते. ‘कारण खुर्ची’ म्हटले तर वाचक पुढे वाचू लागतो आणि त्याला काही मिळत नाही.

क्रियापद गाळण्याच्या प्रकाराकडे मी अधिक वेळ देणार आहे, कारण मराठीचे खरे वैभव इथे दिसते. इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या मध्ये असते, त्यामुळे ते काढले की मध्येच खड्डा दिसतो. मराठीत ते शेवटी असते, त्यामुळे ते काढले की वाक्य मोडल्यासारखे न दिसता अर्धवट राहिल्यासारखे दिसण्याचा धोका असतो. यावर पहिला उपाय पूर्णविरामाचा. ‘मी चुकून सगळं श्रीखंड...’ असे तीन टिंबे देऊन लिहिले तर बोलणारा संकोचाने थांबला आहे, एवढेच कळते. ‘मी चुकून सगळं श्रीखंड.’ असे ठाम पूर्णविरामाने लिहिले तर वाक्य संपल्याची घोषणा होते, आणि ते संपलेले नाही हे वाचकाला दिसत असते. पुढे हसरा चेहराही जोडू नये. तो चेहरा पूर्णविरामाचा ठामपणा काढून घेतो.

दुसरा उपाय अधिक सूक्ष्म आहे. ‘मी’ आणि ‘तू’ या सर्वनामांना मराठीत ‘ने’ लागत नाही, त्यामुळे ‘मी चुकून सगळं श्रीखंड’ इथे क्रियापद ‘खाल्लं’ असेल, ‘खातो’ असेल किंवा ‘खाणार’ असेल. तेच ‘दादाने चुकून सगळं श्रीखंड.’ असे लिहून पाहावे. ‘ने’ आल्याबरोबर क्रिया घडून गेली आहे हे जवळजवळ ठरते. श्रीखंड नपुंसकलिंगी एकवचनी असल्यामुळे क्रियापदाचा शेवट अनुस्वाराचा असणार हेही ठरते. म्हणजे काळ, लिंग आणि वचन हे सगळे आधीच नक्की झालेले असते आणि फक्त धातू तेवढा गायब असतो. आकांक्षा इतकी ताणलेली असताना पूर्णविराम आला की हसू येते. म्हणून क्रियापद गाळायचे असेल तेव्हा शक्यतो तृतीय पुरुषात आणि भूतकाळी सकर्मक वाक्य घ्यावे. कर्माला ‘ला’ लागलेले असेल तर मात्र हा प्रकार टाळावा. ‘दादाने मांजरीला.’ या वाक्यात त्याने तिला दूध घातले, अंघोळ घातली की हाकलले, यांपैकी काहीही असू शकते, आणि जिथे वाचकाला अंदाज करत बसावे लागते तिथे विनोद होत नाही.

शब्दाची जात बदलण्याचा एक खास मराठी मार्ग केवलप्रयोगी अव्ययांचा आहे. अहाहा, अय्या, अरेच्चा, छे या शब्दांना व्याकरणाने वाक्याच्या रचनेबाहेर ठेवले आहे. ते वाक्याच्या दारात उभे राहून उद्गार काढतात आणि आतल्या कोणत्याही पदाशी त्यांचा संबंध नसतो. त्यांना आत घेऊन नामाची किंवा विशेषणाची जागा दिली की रचना एकदम हलते: ‘आजचे पोहे म्हणजे शुद्ध अहाहा.’ ‘साडी छान आहे, पण काठ जरा छे आहेत.’ २०२३ मध्ये भारतभर गाजलेल्या ‘जस्ट लुकिंग लाइक अ वाव’ या वाक्यात हेच घडले होते, फक्त तिथे ‘वाव’ला नाम बनवण्याचे काम त्याआधीच्या ‘अ’ने केले. मराठीत तसे उपपद नाही, म्हणून ‘शुद्ध’, ‘जरा’, ‘निव्वळ’ असा एखादा शब्द आधी ठेवून त्या उद्गाराला जागा करून द्यावी लागते.

मला सर्वांत प्रिय असलेली रीत मात्र वेगळीच आहे. कोणीतरी नेहमी बोलते ते संपूर्ण वाक्य अवतरणात घ्यावे आणि त्याला नामासारखा विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावावे. ‘मामांच्या “मी जेवूनच आलोय”वर विश्वास ठेवून कोणी कुकर बंद करू नये.’ ‘प्लंबरच्या “आत्ता निघतो”ला परवा दोन महिने पूर्ण होतील.’ ‘काकूंच्या “थोडंच वाढते”चा डोंगर मला संपला नाही.’ ‘वर’, ‘ला’ आणि ‘चा’ हे सगळे नामाच्या सामान्यरूपाला लागायचे, ते इथे क्रियापदाला लागतात. वाचकाला क्षणभर अडखळायला होते आणि त्याच क्षणी त्याच्या कानात मामांचा आवाज उमटतो. यात एक पथ्य आहे: अवतरणातले वाक्य त्या व्यक्तीच्या तोंडचे, शब्दन् शब्द खरे असावे. मामा ‘आलोय’ म्हणत असतील तर ‘आलो आहे’ लिहू नये, कारण प्रत्यय लावायला घेतलेली वस्तू नेमकी असेल तरच तो प्रत्यय विनोदी वाटतो.

मराठीत अपेक्षा बांधणारी आणखी एक भक्कम चौकट म्हणजे जो–तो, जर–तर, जितका–तितका, जेव्हा–तेव्हा या जोड्या. पहिला अर्धा भाग आला की दुसरा येणारच, हे मराठी माणसाला लहानपणापासून माहीत असते. ‘जेव्हा जेव्हा आजी “मला काही नको” म्हणते, तेव्हा तेव्हा गराडू.’ या वाक्यात (गराडू म्हणजे तळलेल्या कंदाचा इंदुरी पदार्थ) चौकट शेवटपर्यंत पाळली आहे आणि तिच्यातले वाक्य तेवढे काढून घेतले आहे. ‘जो पहाटे उठून सराफ्यात जातो, तो उशिरा उठला आहे’ या वाक्यात रचना पूर्ण शाबूत आहे आणि मोडली आहे ती योग्यता. सराफ्यातली खाऊगल्ली रात्री भरते हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ते कळेल. असे वाक्य इंदूरच्या मंडळींत चालते. पुण्याच्या नातेवाइकांना पाठवायचे असेल तर दुसरे निवडावे.

यादी देताना तिसरी वस्तू वेगळ्या जातीची ठेवणे हाही याच घराण्यातला प्रकार आहे. ‘दुपारची वेळ, पंख्याचा वारा आणि झोपलो.’ दोन नामे आल्यावर तिसरेही नाम येईल असे वाटते, तिथे अख्खे वाक्य येते. अकराव्या शतकातल्या मम्मट या साहित्यशास्त्रकाराने वाक्यदोषांत भग्नप्रक्रम नावाचा दोष सांगितला आहे, तो हाच: सुरू केलेली सरणी मध्येच सोडून देणे. त्याच मम्मटाने हेही म्हटले आहे की, बोलणारा कोण आणि प्रसंग कोणता यावरून दोषही क्वचित गुण ठरतो, आणि या सगळ्या कलेचा पाया तेवढाच आहे. यादीत दोन वस्तू पुरतात, चार झाल्या की वाचक सावध होतो.

जून २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे दूरध्वनीवरचे बोलणे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही घुमले. त्यात क्रियापद नाही, पण ते मोडलेले वाक्य मात्र नाही. ‘काय’ने सुरू होणारे उद्गार मराठीत असेच असतात. त्याची लय पकडून ‘काय पोहे, काय शेव, काय जीरावन’ असे म्हणणे म्हणजे भरलेला साचा पुन्हा भरणे होय. म्हणींचे आणि उखाण्यांचेही तसेच आहे. त्यांचा उत्तरार्ध प्रत्येकाला पाठ असल्यामुळे तो बदलणे सोपे असते, आणि म्हणूनच ते पुष्कळांनी करून झाले आहे. उखाण्यात काही करायचेच असेल तर नाव न बदलता यमक मोडावे: ‘राजवाड्यासमोर दिव्यांच्या राशी, अमुकरावांचं नाव घेते मंगळवारी.’ ‘दिवशी’ची वाट पाहणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते पाहण्यासारखे असते.

आसत्ती तोडण्याची सोय पूर्वी फक्त बोलण्यात होती. आता संदेशांमुळे ती लिहिण्यातही आली आहे. मराठीत नकार शेवटी येतो, याचा इथे चांगला उपयोग होतो. ‘मी तुझ्या वाढदिवसाला येणार’ असा पहिला संदेश पाठवावा आणि थोड्या वेळाने दुसरा: ‘नाही, असं कधी झालंय का?’ मधला अवकाश फार लांबवू नये, कारण तोवर समोरच्याने उत्तर लिहायला घेतलेले असते आणि दोन्ही संदेशांच्या मध्ये त्याचे ‘अरे वा’ येऊन बसते. आजारपण, अपघात, परीक्षेचा निकाल यांची बातमी अशी तोडून कधीही पाठवू नये. दोन संदेशांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात एखाद्या आजीचा जीव टांगणीला लागतो, आणि तिला हसवण्याचा हक्क त्यानंतर आपल्याला उरत नाही.

इंदूरकरांना एक गोष्ट विशेष सांगायची आहे. आपल्या बोलण्यात हिंदीची लिंगे नकळत शिरतात. चहा आणि आवाज हे दोन्ही शब्द मराठीत पुल्लिंगी आहेत, हिंदीत स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘चहा झाली का’, ‘खालून आवाज आली’ असे आपल्याकडून निघून जाते. हे वाक्य विनोद म्हणून लिहिले तर तो विनोद आहे हे कोणालाही कळणार नाही. वाचणारा मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे जाईल. म्हणून जिथे आपली चूक होण्याची शक्यता आहे, तिथे मुद्दाम मोडायला जाऊ नये. लिंग, वचन आणि ऱ्हस्व-दीर्घ निर्दोष ठेवावे आणि मोडतोड अशा जागी करावी, जिथे ती चुकून होणे अशक्य आहे. ‘अत्यंत पोहे’ कोणी चुकून लिहीत नाही. शेजारचा जसा बोलतो तसे लिहून त्याच्या बोलीवर हसणे हा तर वेगळाच, आणि माझ्या मते हलका प्रकार आहे. त्यात वाक्य मोडत नाही, माणूस दुखावतो.

वाक्य जमले की नाही, हे घरातल्या एकाला दाखवून पाहावे. त्याने ‘पुढे काय?’ असे विचारले तर जागा चुकली. त्याने गाळलेला शब्द स्वतःहून बोलून दाखवला आणि तो आपण काढलेलाच शब्द निघाला, तर जागा बरोबर आहे. नंतर कोणी समूहात ‘इथे क्रियापद राहिले’ असे लिहिले तरी खुलासा करत बसू नये. एका वाक्यात एकाच जागी मोडावे, आणि एकच रीत लागोपाठ वापरू नये. ‘कारण मावशी’नंतर लगेच ‘कारण मामा’ आणि ‘कारण पाऊस’ आले की तिसऱ्यापाशी वाचकाला पुढे नाम येणार हे आधीच कळते, म्हणजे मोडलेली रचना हीच नेहमीची रचना होते.

काही जागी ही कला अजिबात वापरू नये. शोकसंदेश, लग्नपत्रिका आणि पैशांचे व्यवहार यांविषयी वेगळे सांगायला नको, परंतु वसाहतीच्या समूहावरच्या सूचनांचा विचार फारसा कोणी करत नाही. ‘उद्या सकाळी नर्मदेचे पाणी.’ हे वाक्य रचनेच्या दृष्टीने कितीही सुबक मोडलेले असले, तरी पाणी येणार की नाही हेच त्यातून कळत नाही. तिथे क्रियापद लिहावे आणि वेळही लिहावी.